लागली का?

“लागली होती का नव्हती, एवढंच सांग,” आजोबा म्हणाले.

“नव्हती.”

“मग ही आली कुठनं? बाजारातनं?”

मी बाथरूममध्ये कमरेखाली काहीही न घालता उभा होतो. ‘ही’ ज्या चड्डीत सापडली होती ती चड्डी बादलीत भिजत होती, आणि आई बाह्या सारून तिच्याशी झगडत होती. आजोबा दार अडवून उभे होते. कमरेखाली उघड्या माणसाच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास तसाही कमीच बसतो.

आजोबा एसटीत कंडक्टर होते. मिरज-जत गाडीवर त्यांची हयात गेली होती. विनातिकीट माणूस ते नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचे, अशी सगळ्या डेपोत त्यांची ख्याती होती. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं.

“शार्दुल्या, माझ्याकडं बघ. बाहेर बघू नको. जो खिडकीबाहेर बघत बसतोय, त्याच्या खिशात तिकीट नसतंय.”

बाथरूमला खिडकी नव्हती. तरी मी तिच्या बाहेर बघत होतो हे खरं.

“खरंच नव्हती लागली. मला कळलंच नाही.”

“सात वर्षांच्या पोराला कळत न्हाई? खालच्या कुलकर्ण्यांच्या कुत्र्याला कळतंय!”

“अण्णा, पुरे की आता,” आई म्हणाली.

“पुरे कसं? पोट ढिलं झालंय त्याचं. जायफळ वाढवायला पाहिजे.”

याबाबतीत मात्र घरात एकमत होतं. पातळ होतंय, थोडं थोडं होतंय, न सांगता होतंय. म्हणजे जुलाब. मग आजोबा रोज सकाळी अंघोळ करून सहाणेवर जायफळ उगाळायला बसत, देवाचं गंध उगाळावं तसं. बोटभर मला चाटवत. त्यावर केळं. दुपारी साबुदाण्याची पेज, रात्री दहीभात. पालेभाजी पोट चालवते म्हणून बंद, पेरू बंद, पाणीसुद्धा बेतानं. पुण्याला नोकरीला असलेले बाबा रोज फोन करून आईला एकच विचारायचे, “थांबलं का?” आई म्हणायची, “नाही.” मग ते म्हणायचे, “जायफळ?” आई म्हणायची, “चालू आहे.” नवरा-बायकोचं त्या काळातलं एवढंच बोलणं मला आठवतं.

त्या दिवसांत मला सारखी झोप यायची. हा गुण जायफळाचा की इनामदार बाईंच्या गणिताच्या तासाचा, हे सांगणं अवघड आहे.

शाळेत माझ्या बेंचवर अभिनंदन चौगुले बसायचा. त्याचं आणि माझं सगळं ठरलेलं होतं. मोठेपणी आम्ही दोघांत मिळून एक विमान घेणार होतो. खिडकीची जागा कुणाची, यावर बोलणी अडली होती, पण ती सुटण्यासारखी होती. अशात एक दिवस तो उभा राहून म्हणाला, “बाई, इथं काहीतरी मेलंय.”

बाईंनी नाकाला पदर लावला. शिपाईमामा झाडू घेऊन आले. कपाट सरकवलं, नकाशांची गुंडाळी झटकली, पण उंदीर काही सापडेना. शोधायला सगळ्यात पुढे मी होतो. बेंचांखालून रांगत सुटलो. मी जिकडे जाईन तिकडची पोरं ओरडत होती, “बाई, इथं जास्त येतोय!” आणि मला वाटत होतं, आपण उंदराच्या अगदी जवळ पोचलो.

शेवटी बाईंनी मला हळूच वऱ्हांड्यात बोलावलं.

खरं सांगतो, मला वास येत नव्हता. काही लागलंही नव्हतं. वऱ्हांड्यात उभं राहून मी बाईंना हेच सांगितलं, आणि बाईंनी माझ्याकडे अगदी आजोबांच्या नजरेनं पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. “पोट बरं होईपर्यंत हं,” असं म्हणून त्यांनी मला दाराजवळच्या बेंचवर एकट्याला बसवलं. शार्दूल म्हणजे वाघ. वर्गात माझं नाव उंदीर पडलं. एका दिवसात एवढं खाली एसटीतसुद्धा कुणाला आणत नसतील.

माझ्या जागेवर आता अभिनंदनचं दप्तर बसायला लागलं. मला विमान नको होतं, खिडकीची जागाही त्याला देऊन टाकायची माझी तयारी होती. मला फक्त त्या दप्तराच्या जागी बसायचं होतं.

“परत कधी येणार?” मधल्या सुट्टीत त्यानं जरा लांबूनच विचारलं.

“थांबलं की.”

“मग थांबव की.”

“मला कळतच नाही रे.”

त्यानं डब्यातली पोळी चावता चावता विचार केला. “शिंकेसारखं?”

“शिंक आधी कळते.”

“मग घोरण्यासारखं. आमचे काका घोरतात. सगळं घर जागं होतं, आणि काका म्हणतात, मी नाही.”

“हां. तसं.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पोळीचा अर्धा तुकडा मला देऊन, हात लांब करून दिला पण दिला, निघून गेला.

त्या आठवड्यात माझी भूक गेली. पोट तबल्यासारखं ताठ झालं. आजोबांनी सहाण मांडली तेव्हा आईनं ती सरळ उचलून कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाली, “आता डॉक्टर.”

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. आमच्या गल्लीच्या तोंडालाच लहान मुलांच्या डॉक्टर नसरीन जमादार यांचा दवाखाना होता. आजोबाही बरोबर आले. हा पोरगा तिथंही खोटं बोलेल, मग साक्षीला कुणीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

“जुलाब हायेत,” आत गेल्या गेल्या त्यांनी जाहीर केलं. “मी जायफळ देतोय. पण सांगत न्हाई हा. लागली की सांगायचं सोडून चड्डीत करतोय, वर म्हणतोय लागलीच नव्हती.”

डॉक्टरांनी मान डोलावली, मला टेबलावर आडवं केलं आणि प्रश्न मात्र मला विचारला. “शार्दूल, शी करताना दुखतं का रे?”

“मी करतच नाही.”

“म्हणजे?”

“बसतच नाही.”

“बसत नाहीस?” आई म्हणाली. “रोज सकाळी आत जातोस की!”

“उभा राहतो. मग नळ सोडतो. मग बाहेर येतो.”

“हे सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही. सगळे विचारतात लागली का.”

डॉक्टरांनी आईला हातानंच थांबवलं. “का नाही बसत?”

इथे मला सगळं सांगावं लागलं. आम्ही आधी भाड्याच्या घरात होतो, तिथं खाली बसायचं संडास होतं. मग बाबांनी फ्लॅट घेतला आणि त्यात कमोड निघाला. त्यावर बसलं की माझे पाय हवेत लोंबकळत. दोन्ही हातांनी कडा धरून बसलो की सगळं लक्ष पडू नये याकडेच. आत पडलो तर पाइपातून कुठं जाणार, याची मी शाळेत चौकशी केली होती. अभिनंदनच्या माहितीप्रमाणे थेट कृष्णेत. आणि कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. मला कन्नड येत नव्हतं.

“बरोबर आहे,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या. “मग?”

“मग एकदा खूप दुखलं. दगडासारखी झाली. मग मी ठरवलं, आता परत नाही.”

“आणि धरून ठेवायला लागलास.”

“हो. नंतर धरावी पण लागेना. यायचीच बंद झाली.”

डॉक्टरांनी माझ्या पोटावर डावीकडे खाली बोटं दाबली, आईचा हात घेऊन तिथं ठेवला. आईचा चेहरा बदलला. मग आजोबांचा हात ठेवला. आजोबांनी चाचपून पाहिलं.

“बटाटा?” ते म्हणाले.

“शी,” डॉक्टर म्हणाल्या.

आजोबांना वाटलं डॉक्टरबाईंना किळस आली. त्यांनी सांत्वनासाठी मान हलवली. डॉक्टरांना परत सांगावं लागलं, “शी आहे ती, आजोबा. साठलेली.”

आजोबांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.

“तुम्ही नोकरीला कुठं होता?”

“एसटीत. जत गाडीवर कंडक्टर.”

“मग तुम्हाला माझ्याआधी कळेल. समजा, स्टँडच्या गेटातच एक गाडी बंद पडलीय. आडवी. मागच्या गाड्यांचं काय होणार?”

“अडकणार. रांग लागणार.”

“आणि मोटारसायकली?”

“त्या काय, कडेकडेनं निसटत्यात. त्यांना कोण अडवतंय?”

“तुम्ही घरी बसून त्या मोटारसायकली बघताय. म्हणताय, केवढी ही वाहतूक! आणि ती थांबवायला म्हणून रोज गेटात अजून एक दगड टाकताय.”

“कुठला दगड?”

“जायफळ.”

आईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय, मला टेबलावरून दिसेना.

“म्हणजे जुलाब न्हाईत?” आजोबांनी सावकाश विचारलं.

“उलट आहे सगळं. बद्धकोष्ठ. आतला गोळा बाहेर पडत नाही, आणि त्याच्या बाजूनं पातळ तेवढं गळतं. ते हा करत नाही. ते होतं.”

“पण कळत कसं न्हाई त्याला? एवढा मोठा पोरगा!”

“इतके दिवस ताणून ताणून आतली जागा सैल पडलीय. गाडीतली घंटी कुणी दिवसभर ओढून धरली तर ड्रायव्हरला ती ऐकू येत राहील का? नाही येणार. तसंच. वासाचंही तसंच, सतत त्यातच असलं की नाक सांगायचं सोडून देतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या, पण बोलल्या त्या दोघांशी. “हा खोटं बोलत नाहीये. याला खरंच कळत नाही. अशी पुष्कळ मुलं माझ्याकडे येतात. सगळ्यांना घरी हेच ऐकावं लागतं.”

मी उठून बसलो. हे वाक्य त्या परत म्हणतील म्हणून वाट बघितली. त्या औषध लिहायला लागल्या.

आजोबांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक बंद रसवंतीगृह होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“अण्णा,” आई म्हणाली.

“हां,” ते म्हणाले. मग मला टेबलावरून खाली उतरवताना, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “तिकीट होतं रे तुझ्याकडं.”

डॉक्टरांचं औषध म्हणजे पाण्यात विरघळवायची एक पावडर होती. आधी साठलेलं बाहेर काढायला जास्त, मग पुढे कमी, पण रोज. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. भाजी, फळं, पाणी परत सुरू. जेवण झालं की थोडा वेळ बसायचं, झाली तर झाली. शाबासकी बसल्याबद्दल द्यायची, झाल्याबद्दल नाही. चड्डी खराब झाली तर गुपचूप बदलायची, कोर्ट भरवायचं नाही. हे म्हणताना त्यांनी आजोबांकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. “आणि पाय हवेत नकोत. खाली काहीतरी पाहिजे, गुडघे वर आले पाहिजेत. बसल्यावर काहीतरी फुंकायला द्या. फुगा, पिपाणी. फुंकलं की पोटाला आपोआप जोर येतो, कुंथावं लागत नाही.”

“किती दिवसांत बरं होईल?” आईनं विचारलं.

“दिवसांत नाही. महिन्यांत. पण होईल.”

पुढच्या शनिवारी काय झालं ते मी सविस्तर सांगणार नाही, कारण मला अजून लग्न करायचं आहे. एवढंच सांगतो की खालचे कुलकर्णी वर येऊन विचारून गेले, पाण्याच्या टाकीचं काही काम काढलंय का. आई दारातूनच म्हणाली, “हो, साफसफाई.” आणि दार लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मग पायाखाली काय ठेवायचं, हा प्रश्न आला. प्लॅस्टिकचं स्टूल फार उंच होतं. आईनं माळ्यावरून पितळी फुलं ठोकलेला मोठा पाट काढला.

“ह्यावर गणपती बसतोय!” आजोबा ओरडले.

“गणपती वर्षातनं एकदा बसतो, अण्णा. हा रोज बसणार.”

“म्हणून देवाचा पाट संडासात?”

आई पाट घेऊन तशीच उभी राहिली. आजोबा स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला टेकवलेला स्वतःचा जेवायचा पाट घेऊन आले. त्या पाटावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना चालत नसे. तो त्यांनी कमोडसमोर ठेवला, मला बसवलं, माझे पाय त्यावर टेकवले, मागे होऊन एक डोळा मिटून पाहिलं. पाट जरा बुटका पडत होता. मग त्यांनी खाली विटा रचून तो नीट बसवला.

“हलतोय का?”

“नाही.”

“कर्नाटकात जाशील का?”

“नाही.”

त्या रात्रीपासून आजोबा डायनिंग टेबलावर जेवायला लागले. त्याआधी ते त्याला लॉज म्हणत.

फुंकायचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. ट्रंकेतून त्यांची कंडक्टरची शिट्टी निघाली. रात्रीचं जेवण झालं की मी आत बसायचो, आजोबा बाहेर दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि आमची गाडी सुटायची.

“मिरज! चला, सुटली. वाजव.”

मी शिट्टी फुंकायचो.

“भोसे! कोण उतरतंय का?”

“कोण नाही.”

“वाजव. शिरढोण! आता?”

“नाही.”

“घाई न्हाई. कवठेमहांकाळला चहाला थांबते गाडी.”

जत येईपर्यंत काही झालं नाही तर गाडी डेपोत लागायची आणि मला बसल्याबद्दल शेंगदाण्याचा लाडू मिळायचा. झालं तरी तोच लाडू. आजोबा या बाबतीत डॉक्टरांपेक्षा कडक होते. एकदा मी नागज फाट्यावरच काम उरकून खुशीत बाहेर आलो आणि दोन लाडू मागितले, तर म्हणाले, “मधे उतरलं म्हणून जादा पैसे परत देत्यात व्हय?”

कुलकर्ण्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला की रोज रात्री कुठूनतरी शिट्टी वाजते, गुरखा ठेवलाय का, ठेवला असेल तर वर्गणी कुणी ठरवली. आजोबांनी उभं राहून गुरख्याचं कौतुक केलं.

सगळं सरळ झालं असं नाही. मधे मला बरं वाटलं म्हणून बाबांनी फोनवरून पावडर बंद करायला लावली, आणि गेटात परत गाडी आडवी झाली. परत चड्ड्या, परत बादली. त्या वेळी आजोबा बाथरूमच्या दारात आले, मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. त्यांनी काही विचारलं नाही. कोरडी चड्डी खुंटीला लावली, दार ओढून घेतलं, आणि बाहेर जाऊन पुण्याला फोन लावला. फोनवर ते जे बोलले ते ऐकून मला बाबांची दया आली. पावडर त्याच रात्री परत सुरू झाली.

चड्ड्या हळूहळू कोरड्या राहायला लागल्या. वर्गात मात्र मी दाराजवळच होतो. आईनं बाईंना भेटून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या की मी कधीही, न विचारता, बाहेर गेलो तरी चालेल. पण मला जावंसंच वाटत नव्हतं. वाटणं हीच तर अडचण होती. मी घरी वेळापत्रकानं बसत होतो, शाळेत कोरडा राहत होतो, पण आतून कुणी काही सांगत नव्हतं. आणि जोवर सांगत नाही, तोवर आपल्यावर आपलाच भरवसा नसतो. मी बाईंना ‘मला परत बसवा’ म्हणू शकत नव्हतो. उद्या परत उंदीर निघाला तर?

मार्च महिना होता. बाई फळ्यावर गुणाकार लिहीत होत्या. मी खिडकीतून मैदानावरच्या टाकीकडे बघत होतो, आणि पोटात खाली काहीतरी हललं. गुरगुर नव्हे. दुखणं नव्हे. कुणीतरी आतून दारावर हलकेच बोट वाजवावं तसं. मी श्वास धरला. परत वाजलं.

आमच्या वर्गाची पद्धत अशी होती की करंगळी दाखवली तर एक नंबर आणि दोन बोटं दाखवली तर दोन नंबर, आणि दोन बोटं दाखवणाऱ्याला सगळा वर्ग हसायचा, म्हणून कुणी मरत असलं तरी करंगळीच दाखवायचं. मला तर बोट दाखवायचीही गरज नव्हती, सरळ उठून जाता येत होतं. मी बेंचवर उभा राहिलो. दोन्ही हात वर केले. दोन्ही हातांची दोन दोन बोटं.

“बाई! लागली!”

वर्गात हशा फुटला. कुणी बेंच बडवले. खडू हातात धरून बाई वळल्या.

“काय झालं?”

“लागली, बाई! मला कळली! आधी कळली!”

“अरे, मग जा ना!” बाई ओरडल्या, आणि मी गेलो. मी आयुष्यात एवढ्या आनंदानं कुठंही पळालेलो नाही. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, उजेडही बेताचा, पण खाली बसायचं होतं. मी वेळेत पोचलो. एकटाच बसून हसत होतो. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर दार उघडून बघितलं असतं.

परत आलो तर वर्ग चिडीचूप होता. माझ्या मागे बाईंनी काय सांगितलं मला माहीत नाही, आजही नाही. मी माझ्या दाराजवळच्या बेंचकडे वळलो.

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या.

“थँक्यू, बाई,” मी म्हणालो.

“तुझं नाही रे. अभिनंदन, दप्तर उचल. याला जागा दे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बरं, तुझंही.”

मी माझं दप्तर आणायलाही गेलो नाही, सरळ त्याच्या बेंचशी जाऊन उभा राहिलो. अभिनंदननं त्याचं दप्तर मांडीवर घेतलं, पण सरकला नाही. त्यानं आधी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिलं.

“धुतलेस?”

“कोपरापर्यंत.”

“साबणानं?”

“साबण नव्हता. मातीनं. मग परत पाण्यानं.”

त्यानं वाकून माझ्या हाताचा वास घेतला, बराच वेळ, तज्ज्ञासारखा. मग दप्तर खाली ठेवलं आणि आतल्या बाजूला सरकला, भिंतीला टेकेपर्यंत.